समीकरण नेमके कुठे तुटते?

२३ सप्टेंबर २०२० ही तारीख युनायटेड किंग्डममधल्या विद्यापीठांच्या गणित विभागांना दोन वर्षे आधीपासून माहीत होती. सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळे दृष्टिहीन, मंददृष्टी, डिस्लेक्सिया असलेले अशा सगळ्यांना वापरता आली पाहिजेत, असे सांगणारे विनियम तिथे २३ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आले. नव्या संकेतस्थळांना वर्षभराची आणि आधीपासून चालू असलेल्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. ती संपायला सहा महिने उरले असताना करोनाने वर्ग बंद पाडले, फळा सुटला आणि शिकवण्याचा सारा भार नोट्सवर येऊन पडला. इतिहासाच्या किंवा कायद्याच्या प्राध्यापकाने वर्डमधली फाइल वेबपेज म्हणून काढली, तर मथळे, परिच्छेद, तळटीपा थोड्याफार डागडुजीनंतर जागेवर बसतात. गणिताच्या प्राध्यापकाने तेच केले की घातांक ओळीत खाली उतरलेला, वर्गमुळाच्या जागी रिकामा चौकोन, किंवा आख्खे सूत्रच धूसर चित्र होऊन ओळीच्या वर तरंगणारे, असे काहीतरी हाती येते. मग तंत्रसाहाय्य विभागाकडे तक्रार जाते : एक्सपोर्ट करताना समीकरणे बिघडतात.

या तक्रारीतले ‘एक्सपोर्ट करताना’ हे शब्द मला पटत नाहीत. बहुतेक वेळा समीकरण त्याच्या कितीतरी आधी, लिहिताना किंवा जपून ठेवताना, मोडलेले असते. एक्सपोर्टचे बटण ते फक्त उघडे पाडते. मराठी दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर छापून सुरेख येई, पण फाइलीत प्रत्यक्षात असत रोमन अक्षरांचे संकेतांक आणि त्यांवर फॉन्टने चढवलेला मराठी चेहरा. तो मजकूर वेबपेजवर टाकला की अगम्य चिन्हांची रांग लागे. वेबपेजने काही बिघडवलेले नसे; फाइलीत मराठी कधी नव्हतेच. समीकरणांचे नेमके तेच होते. डोळ्यांना जे अपूर्णांक, घात, मूळ म्हणून दिसते, ते फाइलीत अपूर्णांक, घात, मूळ म्हणून नोंदलेलेच नसते. त्यामुळे दुरुस्ती वेबपेजवर करण्यापेक्षा मूळ मसुद्यात करावी, हे या लेखाचे म्हणणे. आणि ते ब्रिटनमधल्या गेल्या तीसेक वर्षांच्या अनुभवावरून तपासून पाहता येते.

वेब जन्माला आले ते जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात, टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाच्या हातून. तरीही त्याच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, सूत्र लिहायची सोय नव्हती. ती असावी म्हणून पहिला नेटाचा प्रयत्न केला ब्रिस्टलच्या ह्यूलेट-पॅकार्ड प्रयोगशाळेतल्या डेव्ह रॅगेट यांनी. १९९३च्या ‘एचटीएमएल प्लस’ या मसुद्यात आणि पुढे १९९५च्या एचटीएमएल ३च्या मसुद्यात त्यांनी गणिताला स्वतंत्र जागा दिली होती. जानेवारी १९९७मध्ये प्रत्यक्षात जे मानक पक्के झाले, त्या ३.२ आवृत्तीत ती उरली नाही. एप्रिल १९९८मध्ये मॅथएमएल ही सूत्रांसाठीची वेगळी भाषा मान्य झाली, पण ब्राउझर बनवणाऱ्यांना तिची घाई नव्हती. फायरफॉक्सने ती बऱ्याच आधी आणि टिकाऊपणे आपलीशी केली. क्रोमने जानेवारी २०१३च्या एका आवृत्तीत ती घेतली आणि पुढच्याच आवृत्तीत काढून टाकली. ती परत आली जानेवारी २०२३मध्ये, तीही स्पेनमधल्या इगालिया या कंपनीने चिकाटीने काम केले म्हणून. मधली दहा वर्षे जगातल्या सर्वाधिक चालणाऱ्या ब्राउझरला अपूर्णांक म्हणजे काय हे आपणहून ठाऊक नव्हते.

या पोकळीत तात्पुरत्या सोयी उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक मोठ्या कामाची सोय लीड्स विद्यापीठात तयार झाली. निकोस ड्राकोस यांनी १९९३मध्ये लिहिलेला लाटेक-टू-एचटीएमएल हा प्रोग्रॅम लाटेकमधला मजकूर घेई, परिच्छेदांचे एचटीएमएल करी आणि ज्या सूत्रांचे करता येत नसे त्यांची छोटी छोटी चित्रे काढून ओळीत चिकटवी. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमवर उभी असलेली लाटेक ही गणितज्ञांची नेहमीची लेखनप्रणाली. तिच्यात लेखक सूत्र रेखाटत नाही, शब्दांत सांगतो : इथे अपूर्णांक, हा अंश, हा छेद. ड्राकोस यांच्या प्रोग्रॅमने एक शहाणपण केले होते. प्रत्येक चित्रामागे, चित्र न दिसल्यास वाचायच्या पर्यायी मजकुरात, ते सूत्र ज्या लाटेक शब्दांतून आले ते शब्द ठेवले होते. वरवर चित्र, पोटात मूळ रचना. पुढे अनेकांनी चित्राची कल्पना तेवढी उचलली आणि पोटातली गोष्ट सोडून दिली. अनेक पानांवर अशा चित्रांमागे पर्यायी मजकूर म्हणून नुसते ‘समीकरण’ एवढेच लिहिलेले असते. आठ चित्रांच्या सिद्धतेत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, आठ वेळा ‘समीकरण’ म्हणतो आणि सिद्धता संपते.

वर्डची कथा याहून गुंतागुंतीची, आणि माझ्या मते जास्त बोधक. वर्डमधली जुनी समीकरणे ‘इक्वेशन एडिटर ३.०’ या जोडप्रोग्रॅममध्ये लिहिली जात. दस्तऐवजात तो एक वस्तू आणि तिचे चित्र ठेवी. २००७च्या वर्डने समीकरणांची स्वतःची नवी रचना आणली. ती चांगली होती, पण त्या वर्षी लंडनच्या ‘नेचर’ने आणि अमेरिकेच्या ‘सायन्स’ने लेखकांना नव्या स्वरूपातल्या फाइली पाठवू नका असे सांगितले, कारण त्यांची संपादन-यंत्रणा ती समीकरणे उलगडू शकत नव्हती. जुन्या स्वरूपात सेव्ह करावे, तर समीकरणांची चित्रे होत. जगातली दोन अव्वल नियतकालिके आणि जगातला सर्वाधिक वापरला जाणारा लेखन-प्रोग्रॅम यांच्यात एका वर्गमुळावरून अडावे, ही गंमत नव्हे. पुढे नोव्हेंबर २०१७मध्ये जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये गंभीर सुरक्षा-दोष जाहीर झाला, आणि जानेवारी २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रॅमच काढून घेतला. जुन्या फाइलींतली समीकरणे दिसत राहिली, पण मॅथटाइपसारखे दुसरे साधन नसेल तर बदलता येईनात. म्हणजे ज्यांना आपल्याकडे समीकरणे आहेत असे वाटत होते, त्यांच्याकडे त्यांची छायाचित्रे होती.

नव्या वर्डमधून ‘वेबपेज म्हणून सेव्ह’ केले की काय होते ते पाहण्यासारखे आहे. ब्राउझरला दाखवायला वर्ड समीकरणाचे चित्र करते आणि ते पानाशेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. नुसते पान सर्व्हरवर चढवले आणि फोल्डर विसरला, तर सगळी समीकरणे गायब. पण पानाचा सोर्स उघडला की खरे, पूर्ण रचनेचे समीकरणही तिथेच सापडते : एका टिप्पणीच्या आत, जी कुठलाही ब्राउझर वाचत नाही. ऑफिसच्या फोल्डरमध्ये ही रचना मॅथएमएलमध्ये बदलणारी फाइलसुद्धा कंपनीने स्वतःच दिलेली असते. साहित्य घरात, कृती घरात, आणि वाढले जाते ते फोटोचे ताट. इथे दोष एक्सपोर्टचाच, हे मान्य करायला हवे. पण याच उदाहरणात माझा मुद्दाही सिद्ध होतो : मूळ फाइलीत रचना शाबूत असेल तर वेगळे साधन वापरून ती वेबपर्यंत नेता येते. पॅनडॉक हे मोफत साधन तीच वर्ड फाइल घेऊन, मॅथएमएल हवे असे सांगितले की, नीट सूत्रे देते. जुन्या एडिटरच्या वस्तूंपुढे मात्र त्याचाही इलाज चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, गणिताचे लेखन छापण्याच्या यंत्रापुढे नेहमीच वाकत आले आहे, मग आता वाकले तर एवढे काय? हा आक्षेप मला आवडतो, कारण त्याचे उत्तर ब्रिटिश छपाईच्या इतिहासातच आहे. १८४५मध्ये ऑगस्टस डी मॉर्गन यांनी ‘एन्सायक्लोपीडिया मेट्रोपोलिटाना’तल्या लेखात सुचवले की अपूर्णांक आडव्या रेघेवर मजले चढवून छापण्याऐवजी तिरक्या रेघेने एकाच ओळीत छापावेत. (हे डी मॉर्गन मदुराईत जन्मलेले, दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचे महत्तम-लघुतमांवरचे पुस्तक १८५९मध्ये लंडनहून निघाले ते यांच्याच पुढाकाराने.) केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८८०मध्ये आपल्या निबंधसंग्रहाच्या पहिल्या खंडात ती तिरकी रेघ वापरली आणि ती रुळली. कंपॉझिटरचे कष्ट आणि लेखकाचा खर्च दोन्ही वाचले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याने १९५४मध्ये गणिताच्या छपाईवर एक आख्खे पुस्तक काढले, चाँडी, बॅरेट आणि बेटी यांचे. लेखकांनी कुठे कसे लिहिले तर जुळणी सोपी होईल, हा त्यातला मोठा विषय. म्हणजे वाकणे खरे. पण काय वाकले ते पाहा. तिरक्या रेघेने सूत्राचे रूप बदलले. कंस घातले की रचना जशीच्या तशी राहिली. चित्र नेमके उलट करते : रूप हुबेहूब ठेवते आणि रचना टाकून देते. शिवाय छापखान्यात मध्ये माणूस होता. शंका आली तर तो लेखकाला विचारी. एक्सपोर्टचे बटण विचारत नाही.

रचना म्हणजे काही पंडिती सूक्ष्मता नव्हे. ‘एक छेद क्ष अधिक एक’ असे वाचले तर छेदात काय आहे? क्ष आणि एक यांची बेरीज, की नुसता क्ष? क्षची किंमत एक धरली तर पहिल्या अर्थाने उत्तर अर्धा येते, दुसऱ्या अर्थाने दोन. कागदावर रेघेची लांबी हा प्रश्न सोडवते. पीडीएफमध्ये रेघ ही नुसती रेघ असते : अमुक ठिकाणी सुरू, तमुक लांबीची. तिच्या वरच्या-खालच्या अक्षरांशी तिचे नाते फाइलीत कुठेही नोंदलेले नसते. बर्मिंगहॅम विद्यापीठात जोसेफ बेकर, अॅलन सेक्स्टन आणि फोल्कर सॉर्गे या तिघांनी पीडीएफमधून सूत्रे परत मिळवायचा प्रश्न हाती घेतला आणि २०१२मध्ये ‘मॅक्सट्रॅक्ट’ हे साधन मांडले. अक्षरांची जागा, आकार, रेघांची लांबी यांवरून हे सूत्र काय असावे याचे व्याकरण त्यांनी बसवले. काम नावाजण्याजोगे आहे. पण लेखकाने लाटेकमध्ये एका शब्दात जे सांगितले होते, तेच पुन्हा शोधायला तीन संशोधक लागावेत, यावरून पीडीएफ करताना काय फेकले गेले होते त्याचा अंदाज येतो.

म्हणून बिघाड शोधायचा तर आधी रचना कोणत्या टप्प्यावर गेली ते ठरवावे, आणि त्याला फार तंत्रज्ञान लागत नाही. वेबपेजवरच्या सूत्रावर माउस ओढावा. सगळे सूत्र एका ठोकळ्यासारखे निवडले गेले तर ते चित्र आहे. वेबपेजवर आता करण्यासारखे काही नाही, मूळ फाइलीकडे जावे. उलट्या तिरक्या रेघा आणि महिरपी कंस असे कच्चे लाटेकच पडद्यावर दिसत असेल, तर ती प्रत्यक्षात चांगली बातमी आहे : रचना पोचली आहे, ती रंगवणारी स्क्रिप्ट चाललेली नाही. मॅथजॅक्स ही त्यातली सर्वांत प्रचलित स्क्रिप्ट. तिचा जुना सामायिक सर्व्हर ३० एप्रिल २०१७ रोजी बंद झाला, त्यामुळे जुन्या पानांत तो पत्ता आहे का ते आधी पाहावे. मग खुणा पाहाव्यात. मॅथजॅक्स एकेरी डॉलर चिन्हाला आपणहून सूत्राची खूण मानत नाही, कारण पानावर दोन किमती असल्या तर मधला मजकूर सूत्र समजला जाईल. पौंडात व्यवहार करणाऱ्या देशाला ही अमेरिकी काळजी उगाच सोसावी लागते. बाकी सूत्रे ठीक आणि एखादेच मध्येच कापलेले दिसले, तर त्यात ‘पेक्षा लहान’चे कोनाकृती चिन्ह असण्याचा संभव मोठा, एचटीएमएलला ते टॅगचा आरंभ वाटते; दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली की भागते. मॅट्रिक्सच्या सगळ्या ओळी एकीत आल्या असतील, तर मार्कडाउनसारख्या, साध्या खुणांतून एचटीएमएल करणाऱ्या, मधल्या टप्प्याने दोन उलट्या रेघांतली एक गिळलेली असते. आणि लाल अक्षरांत अनोळखी आज्ञेची तक्रार असेल, तर लेखकाने फाइलीच्या माथ्यावर स्वतःपुरते केलेले मॅक्रो सोबत आलेले नाहीत. गणितज्ञांना हे लघुरूपांचे व्यसन फार. वीस वर्षे वाढवत नेलेली मॅक्रोंची यादी हा अनेकांचा खाजगी दागिना असतो आणि रूपांतर करणाऱ्याची डोकेदुखी.

खर्चाचा आक्षेप यानंतर येतो, आणि तो खोटा नाही. एका अभ्यासक्रमाच्या नोट्स शेकडो पानांच्या असू शकतात. विनियमांत ‘अवाजवी भार’ असे कारण दाखवून सूट मागायची वाटही आहे, आणि २३ सप्टेंबर २०१८पूर्वीच्या पीडीएफ बहुतांशी वगळलेल्या आहेत. पण भार कशाचा, हे पाहावे. दर वर्षी वेबपेजवर सूत्रे दुरुस्त करायची, तर भार कायमचा. मूळ लाटेक नीट करून त्यातूनच पीडीएफ आणि वेबपेज दोन्ही काढायची, तर पहिले वर्ष जड आणि पुढची हलकी. ब्रिटनमधल्या गणित विभागांनी स्वतः केलेली साधने याच वाटेने गेली आहेत. न्यूकॅसल विद्यापीठाचे ‘चिरुन’ आणि लीड्सच्या विन्चेन्झो मान्तोवा यांचे ‘बुकएमएल’ दोन्ही लेखकाला लाटेक सोडायला सांगत नाहीत. त्याच फाइलीतून एचटीएमएल काढतात. बुकएमएलच्या खाली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या ब्रूस मिलर यांचे लाटेकएमएल आहे, आणि डिसेंबर २०२३पासून आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या भांडाराने एचटीएमएल आवृत्त्या द्यायला सुरुवात केली तीही त्याच पायावर.

पीडीएफच सुधारली तर? लाटेकच्या चमूत फ्रँक मिटेलबाख आणि मुक्त विद्यापीठात, म्हणजे ओपन युनिव्हर्सिटीत, गणित शिकवलेले ख्रिस रोली यांनी २०२०मध्ये टॅग असलेल्या पीडीएफचा मोठा आराखडा मांडला. त्यात सूत्रामागे त्याची रचना ठेवता येते. हे काम पुरे होवो. मात्र ते यशस्वी होईल तेही रचना लेखकाच्या फाइलीतून उचलल्यामुळेच, आणि मोबाइलवर ए-४चे पान चारपट मोठे करून वाचणाऱ्या मंददृष्टी विद्यार्थ्याला ओळीमागे डावीकडून उजवीकडे सरकत राहावे लागणारच.

सध्या सर्वांत जोरात पुढे येणारा आक्षेप असा की हे सगळे आता कालबाह्य आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चित्रातले सूत्र वाचून दाखवतात. वाचतात, आणि पुष्कळदा बरोबर वाचतात. पण एक उणे चिन्ह निसटले, एक पादांक बदलला, तर चूक कोणाच्या लक्षात येईल? ज्याला मूळ चित्र दिसते त्याच्या. ज्याच्यासाठी ही सोय आहे, त्याला नेमके तेच दिसत नाही. डोळस माणसाने तपासल्याखेरीज अशा वाचनावर विसंबून परीक्षेला बसा, असे विद्यार्थ्याला सांगणे मला उचित वाटत नाही. जुन्या पीडीएफ सोडवायला ही साधने जरूर वापरावीत, पण लेखकाच्या हाताखालून एकदा तपासून. नवे लिहिताना त्यांच्या भरवशावर चित्रे ठेवायचे कारण उरत नाही.

अंध विद्यार्थी गणिताकडे येतात तरी किती, असेही हलक्या आवाजात विचारले जाते. केंब्रिजमध्ये न्यूटनने भूषवलेले ल्युकेशियन प्राध्यापकपद १७११ ते १७३९ निकोलस सॉन्डरसन यांच्याकडे होते. यॉर्कशरच्या या माणसाची दृष्टी तान्हेपणीच देवीने गेली होती, आणि खिळे टोचलेल्या पाटीवर तो बोटांनी आकडेमोड करी. आणि पुण्याचे टी. व्ही. रामन. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेल्यावर त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित घेतले, मग मुंबईच्या आयआयटीत शिकले, आणि १९९४मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘अॅस्टर’ ही प्रणाली प्रबंध म्हणून सादर केली. अॅस्टर छापील पान बघत नसे. ती थेट लाटेकची फाइल घेई आणि सूत्र वाचून दाखवी, घातांकाला आवाजाची पट्टी बदले, लांब सूत्रात ऐकणाऱ्याला हव्या त्या फांदीवर जाऊ देई. तीस वर्षांपूर्वी हे जमले, कारण रामन यांनी सुरुवात योग्य ठिकाणाहून केली. पुढे गूगलमध्ये ते ज्या क्रोमव्हॉक्स या स्क्रीन रीडरवर काम करत होते, त्यात गणित वाचायचा भाग बर्मिंगहॅमच्या त्याच सॉर्गे यांनी घातला. त्यातून निघालेले ‘स्पीच रूल इंजिन’ आज मॅथजॅक्सच्या पोटात आहे. पीडीएफमधून सूत्रे खणून काढण्यात वर्षे घालवलेला संशोधक अखेर जिथे रचना हरवत नाही त्या टोकाला येऊन बसला, यात मला संगती दिसते.

अर्थात रचना मिळाली म्हणजे अर्थ मिळाला असे नाही. कंसात स्वल्पविरामाने वेगळी केलेली दोन अक्षरे ही प्रतलावरचा बिंदू असेल, विवृत अंतराल असेल, नाहीतर मसावि. मॅथएमएललाही ते माहीत नसते. मॅथएमएलच्या चौथ्या आवृत्तीत लेखकाचा हेतू नोंदवायची जागा आखली जात आहे, आणि त्या मसुद्याच्या संपादकांत ऑक्सफर्डच्या नॅग या संस्थेतले डेव्हिड कार्लाइल आहेत. ती जागा भरायची पुन्हा लेखकानेच.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती सुगम स्वरूपात मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि बालभारतीची गणिताची पुस्तके पीडीएफमध्ये घरोघर पोचतात. सॉर्गे यांच्या इंजिनात बोलण्याचे नियम भाषावार असतात. त्यांत हिंदी आहे. मराठीचे नियम लिहायला बसणाऱ्याला भाषांतरापेक्षा शिक्षकांच्या बोलण्याकडे कान द्यावा लागेल. मराठी माध्यमाचा वर्ग ‘क्ष वर्ग’ म्हणतो, सेमी-इंग्रजीचा ‘एक्स स्क्वेअर’, आणि दोघेही एकाच मंडळाची परीक्षा देतात. इंग्रजीत अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने अपूर्णांक जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे तसे उच्चारून सांगण्याची रीत घालून दिली. मराठी वर्गात छेद संपल्याचे कोणी बोलून सांगत नाही, कारण फळ्यावरची रेघ तिथे संपलेली सगळ्यांना दिसते.